एका चादरीचे तीन भाव

“उघडू का, मावशी?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“उघड की. एक माणूस वाढवायचंय, दुसरं काही नाही. नातीला लिही आणि मिटून टाक.”

मुलीने बोट टेकवलं. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरलं आणि थांबलं. सवयीने तिने ‘हो’वर पुन्हा बोट दाबलं, आणि मग तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली. तिने पडद्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

घडीमावशी काउंटरच्या पाहुण्यांच्या बाजूला अंग चोरून उभी होती. अर्धं आयुष्य तिने याच हॉटेलात काढलं होतं, पण ते तळघरात, लाँड्रीत. यायचं मागच्या दाराने, जायचंही मागच्याच दाराने. वरच्या या मोठ्या दालनात यायची तिला कधी गरजच पडली नव्हती. आज जेवणाच्या सुट्टीत ती जिना चढून आली होती, आणि आपल्या ओल्या रबरी चपला गालिच्याला लागू नयेत म्हणून फरशीच्या कडेवर पाय जुळवून उभी होती.

“अडलं का गं काही?”

“भाव बदललाय, मावशी.”

“बदलणारच. एक उशी वाढली, एक टॉवेल वाढला. धुवायला साबण लागतोच की.”

“नातीचे पैसे नाही लागत. लहान मुलं फुकट असतात. खोलीचाच भाव बदललाय.” मुलीचा आवाज खाली आला. “जवळजवळ दुप्पट दाखवतंय.”

मावशीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. इस्त्रीच्या रोलरची घरघर कानात साठून साठून तिला कधीकधी खरंच नीट ऐकू येत नसे. तिने पुन्हा विचारलं. मुलीने पुन्हा तेच सांगितलं.

“खोली तीच ना?”

“तीच.”

“पलंग?”

“तोच, मावशी.”

“आणि चादर तर मीच धाडणार खालून. मग वाढलं काय?”

मुलगी बिचारी चांगली होती. तिने आपल्याला येत होतं तेवढं समजावून सांगितलं. मावशीच्या सुनेने खोली धरून ठेवली, तेव्हा त्या दिवसाचा भाव लागला. तो तसाच राहिला असता, अगदी शेवटपर्यंत. पण आता नातीचं नाव घालण्यासाठी ते बुकिंग उघडलं, आणि उघडलं की मशीन ते नव्याने करतं, आजच्या भावाने. आणि आजचा भाव चढलाय, कारण त्याच तारखेला गावात डोळ्यांच्या डॉक्टरांची मोठी सभा आहे. सगळी हॉटेलं भरत चालली आहेत. मशीन विचारतं खरं, भाव बदलेल, चालेल का म्हणून. दिवसभर ‘हो’, ‘हो’ दाबायची सवय झालेली, तिने न वाचताच दाबलं.

“मग नको लिहूस नातीला. होतं तसं मिटव.”

“मिटलंय, मावशी,” मुलगी ओशाळून म्हणाली. “पण नव्या भावाने मिटलं.”

*

तिला घडीमावशी म्हणत, कारण चादरीची घडी घालावी तर तिनेच. रोलरमधून चादर गरम गरम बाहेर आली की ती आणि समोरची बाई दोन-दोन कोपरे धरत, एकमेकींकडे चालत येत, मागे जात, परत येत. नवख्या पोरी म्हणत, मावशी, हा तर नाच झाला. शेवटचा कोपरा मात्र मावशी आत दडपत नसे. तो बोटभर बाहेर ठेवी. वरच्या मजल्यावर खोली आवरणाऱ्या बाईने तो कोपरा धरून एकदा ओढला की अख्खी चादर पलंगावर उलगडत जाई. असं मावशीने ऐकलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं. तिचं राज्य तळघरात. चादर घडी होऊन ट्रॉलीत चढायची आणि लिफ्टने वर जायची, ती परत यायची चुरगळलेली. मधलं काय होतं, ते वरच्या लोकांना ठाऊक.

महिनाअखेरीला लाँड्री बंद व्हायची होती. चादरी आता गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्यात जाणार होत्या आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून परत येणार होत्या. मावशीचंही वय झालंच होतं. लाँड्रीचा शेवटचा दिवस तोच तिचाही शेवटचा दिवस.

त्या दिवशीच्या रात्रीसाठी तिने एक इच्छा धरली होती. आपल्या हातच्या चादरीवर एकदा झोपायचं, वरच्या खोलीत, रीतसर भाड्याने. त्या रात्री हॉटेलातल्या सगळ्या पलंगांवर शेवटचीच तिची चादर असणार होती. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याची.

नवरा आधी हसला होता. तो निवृत्त बस कंडक्टर. आळीत त्याला अजूनही कंडक्टरच म्हणत. “घरची झोप सोडून विकतची झोप घ्यायची?” तो म्हणाला होता. पण दोन दिवसांनी त्यानेच विचारलं, की त्या खोलीला खिडकी असते का. सुनेने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोनवर खोली धरून ठेवली. दोन मोठी माणसं, एक रात्र. भाव ऐकून मावशी म्हणाली, झेपेल. मुलगा लांबच्या मार्गावर ट्रक चालवायचा, त्यानेही फोनवरून “मजा करा” म्हटलं.

मग नातीने हट्ट धरला. नात म्हणजे भिंगरी. एका जागी उभी राहिली तरी तिचा एक पाय फिरत असे, म्हणून ते नाव. सून म्हणाली, “आई, घेऊन जा तिला अशीच. एवढंसं पोर, कोण विचारतंय?”

सून दुसऱ्या घरातून आलेली, तिला कल्पना नव्हती ती कोणाशी बोलतेय. कंडक्टरने आयुष्यभर सीटखाली दडवलेली पोरं हुडकून काढून त्यांची अर्धी तिकिटं फाडली होती. आणि मावशी लाँड्रीतली. खोलीत दोन माणसं म्हणजे दोन टॉवेल. तिसरं न सांगितलेलं माणूस आलं, की ते एक टॉवेल जास्त मागणार, मग दुपारी ट्रॉलीत हिशेब जुळणार नाही, आणि बोलणी खाणार मजल्यावरची बाई, जिचा काही दोष नाही. हे दोघांनी सुनेला इतक्या कळकळीने सांगितलं, की तिने हात जोडले आणि म्हणाली, बरं बाई, लिहून या नातीला.

म्हणून मावशी जिना चढून वर आली होती.

*

“तिकीट फाडलं की भाव संपला,” कंडक्टर म्हणाला. संध्याकाळपासून तो हेच म्हणत होता. “गाडी मागाहून भरो, नाहीतर मोकळी धावो. बसलेल्या माणसाला मी कधी म्हटलंय का, की आता गर्दी झाली, दुप्पट काढा?”

सुनेने सांगून पाहिलं, की बाबा, विमानाचंही असंच असतं.

“म्हणून तर ते वर उडतं. खाली थांबलं तर लोक धरून विचारतील.”

मावशी भाजी निवडत होती, आणि निवडलेली आणि न निवडलेली एकाच ताटात टाकत होती. तिला राग आला नव्हता. रागवायचं तर कुणावर, ते कळायला हवं. मुलीवर रागवावं तर तिने आपण सांगितलं तेच केलं. डॉक्टरांवर रागवावं तर ते आपल्या सभेला येतायत. तिने मनातल्या मनात ती खोली डोळ्यांपुढे आणून पाहिली, आणि काय वाढलं असेल ते शोधत राहिली.

“आजी, पण भाव का वाढला?” भिंगरीने विचारलं.

“मला नाही गं कळलं.”

“मग खेळून बघू.”

भिंगरीला कळत नसलेल्या प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय माहीत होता, आणि मावशीनेच तो तिला शिकवला होता. वजाबाकी अशीच आली होती, घड्याळही असंच. घरातले चार पाट भिंतीशी मांडले गेले. त्या चार खोल्या. भिंगरी मालकीण. बटणं म्हणजे पैसे. मावशीने पहिल्यांदा येऊन एका बटणाला कोपऱ्यातला पाट धरला आणि त्यावर बसली. मग एक चिंधीची बाहुली आली. मग लाकडी हत्ती आला, डोळ्यांचा डॉक्टर म्हणून.

“आता माझ्या शेजारी तुझी ती छोटी बाहुलीही बसेल,” मावशी म्हणाली आणि बाहुली आणायला उठली.

परत येऊन बघते, तर पाटावर भिंगरीने हात ठेवलेला.

“आता तीन बटणं.”

“का गं? मी धरला होता ना?”

“तू उठलीस.”

“बाहुली आणायला उठले. घर सोडून नव्हते गेले.”

“पण उठलीस ना? आणि आता दोनच पाट उरलेत. अजून एक डॉक्टर यायचाय.” भिंगरीने दाराकडे पाहिलं, जणू खरंच कुणी यायचं होतं. “तो देईल तीन.”

कंडक्टर खुर्चीतून पुढे वाकला. “बघ, बघ. हिला कुणी शिकवलं?”

कुणीच शिकवलं नव्हतं. मावशी उभ्याउभ्या त्या पाटाकडे बघत राहिली. उठलं की धरलेलं सुटतं, एवढा भाग तिला समजला. तिच्या कामातही तसंच होतं. घातलेली घडी नुसती बघायला म्हणून उघडली, तरी ती परत रोलरखाली घालावी लागते, नाहीतर सुरकुती राहते. पण उघडलेली चादर पुन्हा घडी केली म्हणून ती काही दुप्पट लांब होत नाही. तिथे तिचं घोडं अडलं, आणि रात्री जेवतानाही ते तिथेच अडलेलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनेच तिला मॅनेजरसाहेबांकडे नेलं. साहेबांनी उठून खुर्ची दिली. मावशीला ते नावाने नाही, पण घडीने ओळखत होते. म्हणजे तसं ते म्हणाले.

त्यांनी स्वतः बुकिंग उघडलं, नातीचं नाव काढून टाकलं आणि पुन्हा दोनच माणसं केली. मावशीला वाटलं, आता उतरेल. जे चढवल्याने चढलं, ते काढल्यावर उतरायला हवं. साहेबांनी चष्मा वर केला आणि पडद्याच्या जवळ गेले.

“कालच्यापेक्षाही थोडा वर गेला.”

“पण आता तर आम्ही दोघंच. पहिल्यासारखं.”

“खरंय तुमचं. पण मागे घेणं हाही बदलच धरतं ते.”

कामावरच्या माणसांसाठी वेगळा भाव असतो, तोही त्यांनी लावून पाहिला. तो भाव हॉटेल रिकामं असेल तेव्हाच चालतो, आणि त्या दिवशी हॉटेल भरत आलं होतं. मग त्यांनी मुख्य कचेरीत फोन लावला. पलीकडून एका बाईने अगदी गोड आवाजात वाचून दाखवलं, की भाव उपलब्धतेनुसार बदलतात. साहेबांनी सांगितलं, मीही या हॉटेलातूनच बोलतोय, मला ठाऊक आहे. बाईने तेच पुन्हा वाचून दाखवलं.

“भाव ठरवतं कोण, साहेब?” मावशीने विचारलं.

साहेबांनी सांगितलं की मशीन ठरवतं. किती खोल्या उरल्या, किती लोक शोधतायत, गेल्या वर्षी त्या दिवसांत काय झालं होतं, हे सगळं ते बघतं आणि दिवसातून कितीतरी वेळा भाव खाली-वर करतं. पूर्वी इथे, भिंतीवर, एक पाटी होती. त्यावर जे लिहिलं ते वर्षभर. ती पाटी त्यांनीच काढून ठेवली होती, कुठे ते आता आठवत नव्हतं.

“म्हणजे मशीनमागे बसून कुणी बघत असेल ना?”

“कुणी बसलेलं नाही, मावशी. तीच तर अडचण आहे. कुणी असता, तर मी भांडलो असतो त्याच्याशी.”

मग साहेबांनी सांगितलं की दंडाशिवाय खोली सोडायची मुदत अजून आहे, तोवर वाट पाहा. भाव चढतो तसा उतरतोही.

*

मग ते वाट पाहणं सुरू झालं. सकाळी दूध तापायला ठेवलं की भिंगरी आईच्या फोनवर त्या तारखेचा भाव वाचून दाखवी. एके दिवशी तो उतरला, आणि कंडक्टरने चहा दोनदा घेतला. पण सून हात पुसून फोन घेईपर्यंत तो परत चढला होता. दुसऱ्या एका ठिकाणी सुनेला तीच खोली स्वस्तात दिसली. तिने पुढे जाऊन पाहिलं तर पुढच्या पानावर कर आला, त्याच्या पुढच्या पानावर कसलीशी सेवा आली, आणि शेवटच्या पानावर आकडा होता तिथेच येऊन बसला. सून फोनकडे बघत म्हणाली, “हे बरंय, घरात शिरताना एकटा, आत बघावं तर सगळं खानदान.”

कंडक्टरने मग एक शोध लावला. आपण सारखं बघतो म्हणून ते चढतं. कापडाच्या दुकानात एकाच ताग्याला तीनदा हात लावला, तर दुकानदार भाव सोडतो का? त्याने दोन दिवस फोन बघायची बंदी घातली. सगळ्यांनी ती पाळली. भाव तरीही चढला. मग भिंगरीने रडत कबूल केलं, की तिने शाळेतून आल्यावर एकदा चोरून पाहिलं होतं. कंडक्टरने तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, तुझ्यामुळे नाही गं. पण त्याची तशी खात्री दिसत नव्हती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी भाव पहिल्याच्या दुपटीच्याही वर होता.

“पडू दे महाग,” कंडक्टर म्हणाला. “आयुष्यात एकदा. मी देतो.”

“देशील रे, पण मला झोप यायची नाही.” मावशी त्याला एरवी अहोजाहो करी. मन फार हललं की तिचा ‘अहो’ सुटायचा. “रात्रभर वाटत राहील, शेजारच्या खोलीतला माणूस माझ्याच चादरीवर निम्म्या भावात घोरतोय. पलीकडचा अजून तिसऱ्याच भावात. चादरी एकाच ढिगातल्या. मी घातलेल्या.”

“घोरणाऱ्याला काय कळतंय?”

“मला कळेल ना.”

सुनेने खोली सोडून दिली. फोनने तिला विचारलं, नक्की का? तिने सासूकडे पाहिलं. मावशीने मान हलवली.

“आता आपली खोली कुणाची?” भिंगरीने विचारलं.

“डोळ्यांच्या डॉक्टरची,” कंडक्टर म्हणाला, आणि उठून चप्पल घालून बाहेर गेला. कुठे जायचं ते त्याने ठरवलं नसावं, कारण थोड्याच वेळात तो परत आला.

*

शेवटच्या दिवशी रोलर लवकर बंद केला. तो थंड होताना त्याच्या पोटातून टकटक आवाज येत राहिला. साहेब खाली येऊन सगळ्या बायकांशी चार शब्द बोलून गेले. कंडक्टर भिंगरीला घेऊन मागच्या दाराशी आला होता, मावशीला घरी न्यायला.

मावशी शेवटचा ढीग बांधत होती, तेवढ्यात मजल्यावरची बाई, शिडी, ट्रॉली घेऊन खाली आली. ती इतकी उंच होती की पडदे काढायला तिला स्टूल लागत नसे, म्हणून शिडी. खोलीचं प्रकरण तिच्या कानावर गेलं होतं. हॉटेलात भिंतींनाही ते माहीत झालं होतं.

“चल वर,” शिडी म्हणाली.

“मी कशाला? माझं काम खाली.”

“कामालाच नेतेय. माझी कंबर धरलीय, गादी एकटीने उचलत नाही. येतेस की साहेबांना हाक मारू?”

तिची कंबर धरली नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. मावशीने हात पुसले. भिंगरी कुणाला न विचारता ट्रॉलीच्या मागे जाऊन उभी राहिली. कंडक्टरला शिडीने चल म्हटलं, पण तो म्हणाला, नको, गर्दी होईल. लिफ्टचं दार मिटताना त्याने पत्र्यावर बोटाने दोनदा टकटक केलं. गाडी सोडताना घंटी द्यायचा, तसं.

वर चढताना मावशीने ट्रॉलीतल्या आपल्या ढिगावर हात ठेवला होता. या रस्त्याने तो रोज गेला होता. तिच्याविना.

खोली कोपऱ्यातली होती. खिडकी होती. आधीचे पाहुणे निघून गेले होते, नवे अजून यायचे होते. शिडीने वापरलेली चादर ओढून काढली, अभ्रे काढले, आणि पलंग उघडा पडला. मावशीला वाटलं होतं की तो पांढरा असेल. खाली साधी पट्ट्यापट्ट्यांची गादी होती, तिच्या घरी होती तशीच, जरा जाड. एका कडेला कसलातरी जुना डाग होता.

“मी न्हाणीघर घासून घेते,” शिडी म्हणाली. “मला वेळ लागेल. फार वेळ लागेल.” आणि आत जाऊन तिने नळ सोडला.

मावशी गादीशी उभी राहिली.

“आजी, झोप ना,” भिंगरी कुजबुजली.

“वेडी का? पाहुण्यांचा पलंग आहे. चादरीला चूण पडेल.”

“चादर कुठाय?”

मावशीने पलंगाकडे पाहिलं. चादर नव्हती. ती ट्रॉलीत होती, घडी केलेली, कोपरा बोटभर बाहेर. अजून ही खोली कुणाचीच नव्हती. हिचा भाव या घटकेला काय असेल, ते मशीनला ठाऊक. मावशीने चपला काढल्या, जुळवून ठेवल्या, आणि ती उघड्या गादीवर एका कडेला आडवी झाली. भिंगरी तिच्या शेजारी येऊन निजली. पहिल्यांदाच तिचे दोन्ही पाय स्थिर होते.

वर छताला एक गोल दिवा होता आणि त्याच्यापासून निघालेली केसाएवढी एक भेग. बाहेर लिफ्ट कुठेतरी थांबली आणि चालू झाली. आत नळ वाहत होता.

“आजी, झोप लागली?”

“हो.”

“मग डोळे उघडे कसे?”

“बघत झोपलेय.”

भिंगरीनेही तसं करून पाहिलं.

नळ बंद व्हायच्या आधीच मावशी उठली. तिने चपला घातल्या, गादीवर हात फिरवला आणि ट्रॉलीतून एक चादर घेतली. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तिने तो बोटभर कोपरा धरला. इतकी वर्षं तो तिने दुसऱ्या कुणासाठी बाहेर ठेवला होता. तिने ओढला.

चादर आधी सरळ आली, मग एकदम फुगली. वाऱ्याने भरल्यासारखी ती पलंगावर तरंगली, खोलीभर इस्त्रीचा वास सुटला, आणि मग ती हळूहळू, एकेक कोपरा टेकवत खाली बसली. मधोमध घडीच्या रेषा सरळ उमटल्या होत्या. जिथे मावशी आत्ता आडवी झाली होती, तिथूनही एक रेषा जात होती.

शिडी न्हाणीघराच्या दारात उभी होती. “रोज बघते मी हे,” ती म्हणाली. मग पुढे येऊन तिने पलीकडची कड गादीखाली खोचली. मावशीने अलीकडची खोचली.

बाहेर पडताना समोरून एक माणूस बॅग ओढत आला. डोळे थकलेले, गळ्यात सभेचा बिल्ला. खोलीचा आकडा बघून तो थबकला.

“झाली का खोली?”

“झाली,” मावशी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध तापायला ठेवल्यावर, भिंगरीने सवयीने फोन उघडला. तारीख आजची होती.

“आजी, उतरला. पहिल्यापेक्षाही खाली आलाय.”

कंडक्टर ताडकन उठला. त्याने आकडा स्वतः वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला. डॉक्टर आज जाणार होते, हॉटेल मोकळं होणार होतं. “घ्यायची का? आजच जाऊ.”

मावशी खाटेवरची चादर काढत होती. कामावर जायचं नसलेली ही तिची पहिली सकाळ.

“आज चादरी कारखान्याच्या,” ती म्हणाली.

कंडक्टर फोन हातात घेऊन तसाच उभा राहिला. “मग हा भाव उतरला तरी कुणासाठी?”

मावशीने धुतलेली चादर दोरीवरून आणली. भिंगरीला समोर उभं केलं, दोन कोपरे तिच्या हातात दिले आणि तिला कसं चालत यायचं, कुठे थांबायचं, मागे कधी जायचं ते दाखवलं. घडी झाली. भिंगरी शेवटचा कोपरा आत दडपायला निघाली, तेव्हा मावशीने तिचं बोट धरलं आणि कोपरा तेवढाच बाहेर ठेवला.